तिसरा टी-शर्ट

गेल्या शनिवारी मॉलमध्ये सेल होता. ९९९ मध्ये तीन टी-शर्ट! पटापट उचलले. घरी येऊन लेबल कापताना वाचलं, ‘मेड इन बांगलादेश’. हातातली कात्री थांबली.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली. बहुतेक शिलाई कामगार, त्यातही मुली जास्त. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेनं आपल्या लोकांना घरी पाठवलं. वरच्या कारखान्यांनी मात्र सकाळी पुन्हा कामावर बोलावलं. ऑर्डर वेळेत जायला हवी होती ना! तेव्हा तिथल्या कामगाराचा किमान पगार होता महिना ३००० टाका.

मग काय, बांगलादेशी कपडे बंद? सोप्पंय, पण त्यात त्या मुलींची नोकरीच जाईल. त्यांना काम हवंच आहे, फक्त जिवावर बेतणारं नको. जगभरच्या कामगार संघटना आणि ग्राहकांनी आवाज उठवला, म्हणून तर मे २०१३ मध्ये कंपन्यांवर बंधनकारक असा सुरक्षा करार झाला आणि कारखान्यांची तपासणी सुरू झाली. म्हणजे विचारलं की फरक पडतो, बॉस!

काल त्याच दुकानात सेल्समनला विचारलं, ‘‘हे कुठल्या कारखान्यात शिवतात?’’ तो बिचारा गोंधळला. ‘‘मॅडम, साइझ सांगा ना!’’

खरं सांगू? तिसरा टी-शर्ट मला नकोच होता. स्वस्त होता, एवढंच. पण स्वस्त कुणाच्या जिवावर, हे आता विचारत राहणार. तुम्हीही विचाराल?