राठ

हॅनोव्हर स्टेशनच्या फलाटावर परवा एक तरुण जोडपं भेटलं. त्यांच्या पायाशी डॉइच ड्राटहार जातीची कुत्री बसली होती. तपकिरी डोकं, दाढी, डोळ्यांवर आलेल्या दाट भुवया, सगळं ओळखीचं. त्यांना विचारून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दचकले. पाठ मऊ होती. "उन्हाळ्यासाठी मशीन फिरवून आणलं," मुलगी कौतुकानं म्हणाली, "आता हात लावायला किती छान वाटतं ना!" मला काही बोलवेना. गाडीत बसल्यावरही मी तळहात चोळत होते.

त्या हातांना गेराची पाठ ठाऊक आहे.

लग्नानंतर आम्ही ल्युनेबुर्गच्या माळरानाच्या कडेला एका खेड्यात राहायला आलो, तेव्हा शेजारी एक निवृत्त वनरक्षक आजोबा होते. पत्नी गेलेली, मुलं दूर, सोबतीला ही गेरा. मला जर्मन येत नव्हतं आणि त्यांना बोलायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे आमचं जमलं. वसंतात आणि शरदात ते गेराला पडवीतल्या जुन्या मेजावर चढवत, बोटांना खडूची पूड लावत आणि तिचे केस उपटायला बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. गेरा मात्र डोळे मिटून पेंगत होती. आजोबांनी माझ्या चिमटीत तिच्या खांद्यावरचे थोडे केस दिले आणि ज्या दिशेनं केस वाढतो त्याच दिशेनं हलकेच ओढायला सांगितलं. ते अलगद हातात आले. "पिकलेला केस स्वतःहून येतो," ते म्हणाले. "जो येत नाही त्याची वेळ झालेली नसते. त्याला राहू द्यायचं."

या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. आत दाट, मऊ लव आणि वर दोन ते चार सेंटिमीटर लांबीचा राठ केस. वरचा केस पिकला की मुळाशी सैल होतो. तो उपटला तर त्या जागी तसाच राठ, गडद केस येतो. कापला तर मेलेलं मूळ आतच अडून राहतं, जाड टोक जातं आणि मागे उरतो तो बुडाकडचा बारीक, फिकट भाग. हळूहळू रंग उतरतो, अंग पाणी शोषायला लागतं, कुसळं चिकटून बसतात. मशीनचं काम तासाभराचं, हातानं करायला दुपारच्या दुपार जातात. तरीही मशीनचा मला राग आहे आणि वयाबरोबर तो वाढतोच आहे. काटेरी झुडपांत शिरताना आणि गारठलेल्या तळ्यात उतरताना जे तिला राखतं, ते आपल्या तळहाताच्या सुखासाठी काढून टाकायचं, हे मला सोसत नाही.

मला पुन्हा पुन्हा आठवते ती नोव्हेंबरातली एक पहाट. रात्री मोटारीची धडक बसलेलं एक हरीण जंगलात पळालं होतं. अशा वेळी पोलीस त्या भागाच्या शिकाऱ्याला कळवतात. जखमी जनावर शोधून त्याची तडफड संपवणं हे त्याचं काम. आजोबांचा गुडघा धरला होता. "बॅटरी धरायला याल का?" एवढंच त्यांनी दारात येऊन विचारलं. लांब चामडी दोरीवर गेरा नाक जमिनीला टेकवून चालली होती. मला रक्ताचा एक थेंबही दिसत नव्हता. एका जागी पानं दबलेली होती. तिथं त्यांनी दोरी काढली आणि तिच्या गळ्यात दुसरा पट्टा घातला. त्याला चामड्याची बोटभर पट्टी लोंबत होती. गेरा काळोखात दिसेनाशी झाली. आम्ही थांबलो. मग झुडपं हलली आणि ती उजेडात आली, ओलीचिंब, दाढीत पाइनच्या सुया अडकलेल्या, आणि लोंबणारी ती पट्टी तिनं तोंडात धरलेली. म्हणजे, सापडलं, चला.

ही जात एका गरजेतून आली. 1848 च्या उठावांनंतर जर्मन मुलखात शिकार ही उमरावांची मिरास राहिली नाही. साध्या जमीनदाराला, वनरक्षकाला पक्षी दाखवायला एक कुत्रा, पाण्यातून बदक आणायला दुसरा आणि माग काढायला तिसरा, असं पोसणं परवडणारं नव्हतं. हेगेवाल्ड या टोपणनावानं लिहिणाऱ्या सिगिसमुंड फॉन त्सेडलित्झ यांनी सगळी कामं करणाऱ्या एकाच राठ केसांच्या कुत्र्याचा आग्रह धरला. ग्रिफाँ, श्टिखेलहार, पूडलपॉइंटर आणि आखूड केसांचे पॉइंटर यांच्या संकरातून ड्राटहार घडला आणि 1902 मध्ये त्याची संघटना उभी राहिली. कामातून रूप, हे तिचं तत्त्व. आजही तिथं नुसतं देखणेपण पैदाशीला पुरत नाही. पहिल्या वसंतात एक परीक्षा, शरदात दुसरी, आणि सगळ्यांत मोठ्या परीक्षेत रक्ताचा मागही काढावा लागतो.

हरीण मेलेलंच सापडलं. आजोबांनी टोपी काढली, ओकची एक डहाळी मोडली आणि त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. दुसरी डहाळी त्यांनी गेराच्या पट्ट्यात खोवली.

पुढे कधीतरी वाचलं की कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सगळी तऱ्हा अवघ्या तीन जनुकांनी ठरते. 2009 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते संशोधन आलं. दाढी आणि भुवया देणाऱ्या जनुकाचं नाव आरएसपीओ-2, आणि त्याचं ते रूप आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळालं तरी पुरतं. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तीच पट्टी आली. दाढी इतकी सहज मिळते. काळोखात एकटीनं जाऊन, मेलेल्या हरणाला दात न लावता, ती पट्टी तोंडात धरून धन्याकडे परत येणं मात्र कुणीतरी वर्षानुवर्षं शिकवावं लागतं.

आजोबा शिकवत आणि निगाही राखत. तळ्यातून आली की आधी लोंबते कान कोरडे करायचे. जेवणानंतर दाढी धुऊन पुसायची, नाहीतर ती आंबते आणि खालची कातडी लाल होते. उन्हाळ्यात रोज बोटांच्या बेचक्यांत कुसळं शोधायची, गोचिडी काढायच्या. भरल्या पोटी पळू द्यायचं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळवटतं आणि काही तासांत जीव जातो. रानडुकराचं कच्चं मांस तोंडाला लागू द्यायचं नाही, त्यातून होणाऱ्या आउयेस्की रोगावर इलाज नाही. साबणाची अंघोळ क्वचितच, अंगचं तेल गेलं की केस पाणी अडवत नाहीत. एवढं करूनही ते तिला कधी 'गोड' म्हणाले नाहीत. "चांगली आहे," म्हणत.

एका उन्हाळ्यात आई आली. माहेर म्हसवडकडचं, माणदेशातलं. गेराच्या पाठीवर तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, ही तर घोंगडी!" मग दुपारभर ती आणि आजोबा पडवीत बसून केस उपटत राहिले, ती मराठीत बोलत होती, ते जर्मनमध्ये. तांदूळ निवडून तयार झालेली तिची बोटं. पिकलेला केस तिला सांगावा लागला नाही.

तिच्या त्या शब्दानं मी तिथल्या मेंढ्यांकडे पाहायला लागले. माळरानावर हाइडश्नुके नावाच्या करड्या मेंढ्या चरतात. त्यांची लोकर जाडीभरडी, बाजारात तिला फारशी किंमत नाही. तरी त्या पाळल्या जातात, कारण त्या झाडांची रोपटी खाऊन माळ मोकळा ठेवतात. त्यांना काम आहे. माणदेशातल्या दख्खनी मेंढीचं काम मात्र गेलं. तिच्या राठ लोकरीची, सनगरांनी चिंचोक्याची खळ लावून विणलेली घोंगडी पाऊस अंगावर घ्यायची. स्वस्त ब्लँकेटं आली, लोकर कातरायची मजुरीही सुटेना. मग पुष्कळ धनगर जत भागातल्या माडग्याळ मेंढीकडे वळले, उंच, मांसाला भाव मिळवून देणारी आणि अंगावर लोकर कमी असलेली. त्यांना दोष कोण देणार? त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

पण लोकर गेली की तिच्यामागून विणणारे हात जातात, मग मेंढी जाते, आणि तिच्याबरोबर कोरड्या माळावर पिढ्यान्पिढ्या तगून कमावलेला काटकपणा जातो. त्या पहाटे पट्टी तोंडात धरून आलेली गेरा मला म्हणूनच विसरता येत नाही. तिच्या जातीला कुणीतरी सतत काम देत राहिलं. यंदा म्हसवडच्या बाजूच्या एका सनगराला मी घरातल्या प्रत्येकासाठी एक घोंगडी विणायला सांगितली आहे, दख्खनीच्याच लोकरीची. भावात घासाघीस केली नाही. पैसे आधीच पाठवले, म्हणजे कातरणीच्या वेळी धनगराला द्यायला ते त्याच्या हाताशी असतील. एका घराच्या घोंगड्यांनी मेंढीची जात वाचत नाही, हे मला कळतं. पण तिला काम द्यायचं तर आधी गिऱ्हाईक लागतं. मी गिऱ्हाईक आहे.