एका तारेमागे केवढे निरोप!

मिरजेची सतारमेकर गल्ली. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं तंबोऱ्याच्या तारा घेतल्या, क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला. तारा कागदात गुंडाळून होण्याआधीच साउंडबॉक्स बोलला, पैसे मिळाले! हे रोजचंच. पण तेवढ्या वेळात काय काय घडतं ते नुकतंच पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय.

ऐका तर! यूपीआयमध्ये धावतात ते मजकुराचे निरोप. एक्सएमएलमध्ये मांडलेले: देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, व्यवहाराचा क्रमांक काय. पिन मात्र फोनमध्येच सांकेतिक होऊन निघतो. आणि हे निरोप जातात एचटीटीपीएसनं! वेबपान ज्या नियमांनी आपल्यापर्यंत येतं, त्याच नियमांनी. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत एचटीटीपी रचला तो शास्त्रज्ञांना एकमेकांचे दस्तऐवज वाचता यावेत म्हणून. १९९१ च्या त्या रूपात मागणी अवघी एका ओळीची! त्याला सुरक्षेची जोड मिळाली आणि आज त्यावर मिरजेत तारांचे पैसे चुकते होतात.

माझ्या ॲपमागची बँक यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेला निरोप धाडते. एनपीसीआय दुकानदाराच्या बाजूला विचारतं, हा यूपीआय पत्ता कुठल्या खात्याचा? उत्तर आलं की माझ्या बँकेला सांगतं, रक्कम वजा करा. तिचा होकार आला की दुकानदाराच्या बँकेला, जमा करा. मग दोन्हीकडे निकाल. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही!

पण वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. विनंतीच्या प्रत्येक निरोपाला दोन उत्तरं असतात. एक तत्काळ: मिळाला. काम झालं की नाही, हे मागाहून, स्वतंत्र निरोपातून. म्हणजे एखादी बँक रेंगाळली तरी पाठवणारा तिथंच ताटकळत नाही. तोवर इतरांचे व्यवहार पुढे सरकतात. दोन्ही उत्तरांची गाठ व्यवहाराच्या क्रमांकानं पडते. निकाल आलाच नाही, तर त्याच क्रमांकानं विचारायचं, त्याचं काय झालं? त्यासाठीही वेगळा निरोप ठरलेला!

एप्रिल २०१६ पासून हे चालू आहे आणि आपण नुसता हिरवा टिकमार्क पाहतो! आता पडद्यावर ‘पेंडिंग’ दिसलं की घाईनं पुन्हा पैसे पाठवू नका. निरोप पोचणं वेगळं, काम होणं वेगळं, निकाल यायचाय.