रांगेला मुदत हवी

मेढ्याच्या एस.टी. स्थानकावर साताऱ्याची गाडी लागली की चढणाऱ्यांत दोघा-तिघांच्या हाती तरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले केसपेपर असतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. जावळी तालुक्याचे हे मुख्य गाव. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. पण मोठी शस्त्रक्रिया म्हटली की जिल्ह्याची वाट धरावी लागते. कोयना जलाशयाकाठच्या वाड्यांतून निघालेल्यास तर मेढा म्हणजे अर्धीच मजल. परतीची शेवटची गाडी चुकवून चालत नाही. डॉक्टरांची भेट होवो न होवो, माणूस रांगेतून उठतो. अशा उठून गेलेल्यांची नोंद कोण ठेवतो?

आमच्या मावशींना एका सरकारी रुग्णालयाने गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची तारीख तीनदा बदलून दिली. दुखणे त्यांनी सोसले. सोसवेना ती अनिश्चितता : भातलावणीला माणूस कोणते सांगावे, म्हैस कोणाच्या दावणीला बांधावी?

महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला. अधिसूचित सेवा मुदतीत न दिल्यास अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हीही लहान गोष्ट नव्हे. पण शस्त्रक्रिया किती दिवसांत होईल, याची हमी कोणी देत नाही. दाखल्याला मुदत आणि दुखण्याला नाही, हा क्रम आम्हांस उलटा वाटतो.

स्वीडनमध्ये २०१० पासून कायदाच आहे : तज्ज्ञाची भेट ९० दिवसांत, ठरलेला उपचार त्यापुढील ९० दिवसांत. इंग्लंडात मर्यादा १८ आठवड्यांची; मात्र २०१६ पासून तेथे ते उद्दिष्ट गाठले गेलेले नाही. मग अशा हमीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग एवढाच की किती जण तिष्ठत आहेत याचे आकडे तेथे दरमहा छापले जातात आणि सरकारला तोंड लपवता येत नाही. आपल्याकडे हमीही नाही आणि आकडाही नाही.

१९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका जखमीला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली आणि तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा जीविताच्या हक्काचा भंग ठरविला. तो निकाल अपघाताचा होता. हळूहळू वाढणाऱ्या दुखण्यासाठी ‘वेळेवर’ म्हणजे किती दिवस, हे अद्याप कोणी लिहून दिलेले नाही. निदान रुग्णालयाच्या दारी एक फलक लावावा : कोणत्या शस्त्रक्रियेसाठी किती जण थांबले आहेत आणि सर्वांत जुने नाव कोणत्या तारखेचे आहे.