दुखणें आणि देहभार

शरीरास दोन व्याधी एकदम जडल्या म्हणजे कधीं कधीं त्यांतील एकच लोकांना दिसते. वाढलेलें वजन चारचौघांस दुरून दिसतें. गुडघ्यांतील कळ ज्याची त्यालाच ठाऊक असते. म्हणून लग्नामुंजींत भेटणारे आप्तेष्ट पहिलीविषयीं मनमोकळेपणानें बोलतात, दुसरीची चौकशी करण्याचें त्यांस सुचत नाहीं. "जरा हिंडत फिरत जा, म्हणजे उतरेल," हा सल्ला गेल्या 6 वर्षांत आम्हांस किती वेळां मिळाला असेल याची गणतीच नाहीं. सल्ला देणारांचा हेतु चांगलाच असतो. परंतु ज्या गुडघ्यांनीं हिंडावयाचें तेच दुखत आहेत, ही लहानशी अडचण त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यांच्या घरीं असें एखादें माणूस आहे, आणि एकत्र कुटुंबांत तें बहुधा असतेंच, त्यांच्यासाठीं हे चार शब्द.

आम्ही कळव्यास राहतों. एका अंगास ठाण्याची खाडी व दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर यांच्यामध्यें वसलेलें हें गांव आतां ठाणें शहराचाच भाग झालें आहे. येथें धीम्या गाड्याच थांबतात, आणि गाडी गांठावयाची तर स्टेशनचा पूल चढावा उतरावा लागतो. चढण्यापेक्षां उतरणें कठीण, हें ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांस सांगावयास नको. दोन वर्षांपूर्वीं तर धाकट्या बहिणीकडे डोंबिवलीस जाणेंही आम्ही टाळूं लागलों होतों. पाय घरांत अडकले कीं मनुष्य हळूहळू माणसांतून उठतो. आम्हांस खरी भीति वाटली ती त्याची.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणतें. जागतिक आरोग्य संघटनेचें जें रोगवर्गीकरण 2022 सालापासून अंमलांत आलें, त्यांत तिला स्वतंत्र स्थान मिळालें आहे. ही वेदना आणि वजन यांचें रहाटगाडगें असें चालतें. दुखतें म्हणून हालचाल घटते. हालचाल घटली कीं मांडीचे स्नायु रोडावतात व चरबी वाढते. मग सांध्याचा आधार कमी आणि भार अधिक, म्हणून पुन्हां दुखणें. त्यांतच रात्रीं झोंप मोडते, आणि अपुऱ्या झोंपेनें भूक वाढते. कांहीं वेदनाशामक औषधें व स्टेरॉइडें यांनींही वजन चढतें. लोक ज्याला आळस किंवा जिभेचे चोचले म्हणतात, त्यांत पुष्कळसा भाग या गाडग्याचाच असतो.

आमची उंची 160 सेंटिमीटर, आणि वजन 72 किलोंवर गेलें होतें. 2009 सालीं भारतीय तज्ज्ञांनीं आपल्या लोकांसाठीं ज्या मर्यादा ठरविल्या त्यांत देहभारांक 25 पासूनच स्थूलता धरतात. आमचा अंक 28 होता. आपल्यासाठीं माप इतकें कडक कां, हें समजावणारें एक सुंदर उदाहरण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 2004 सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत दिलें. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा देहभारांक अगदीं सारखा, 22.3, परंतु अंगांतील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! तात्पर्य, सडपातळ दिसणाऱ्या देहांतही चरबी लपून असते आणि स्नायु थोडे असतात. उपाशी राहून वजन उतरविलें तर असलेले स्नायुही झडतात, आणि दुखऱ्या गुडघ्याचा तर तोच आधार.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. एका माणसासाठीं वेगळें शिजवावयाचें म्हणजे घरांतील स्त्रियांवर भार; शिवाय वेगळें ताट घेणारा पंगतींत बसूनही पंगतीबाहेर पडतो. आमच्या वहिनींनीं यावर छान तोड काढली. "भाऊजी, तुमचें ताट निराळें करणार नाहीं, सर्वांच्याच ताटाचा क्रम बदलूं," असें म्हणून त्यांनीं प्रथम कोशिंबीर व पालेभाजी, मग मुगाची किंवा मटकीची उसळ, त्यानंतर पोळी आणि शेवटीं भाताची एकच मूद, असा परिपाठ घातला. तूप बंद केलें नाहीं, चमचा मात्र लहान आणला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरींही खरीच होती. आतां त्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर उभा राहत नाहीं, थोडे वरीचे तांदूळ, ताक आणि फळ एवढ्यावर भागतें. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणें प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज 0.83 ग्रॅम प्रथिनें हवींत, म्हणजे 60 किलोंच्या माणसास सुमारें 50 ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीनें ही गरज भागत नाहीं. उसळ, पिठलें व दहीं यांचा हात सढळ ठेवावा लागतो.

व्यायामाचा प्रश्न अधिक नाजूक. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो वारसा आपल्या घरांत अभिमानानें सांगतात. परंतु झिजलेल्या गुडघ्यांस नमस्कार सोसतातच असें नाहीं. पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांनीं खुर्ची, दोर, पट्टे व लोड यांच्या साह्यानें आसनें शिकविलीं. आधार घेण्यांत कमीपणा नाहीं, हें त्यावरून पटतें. आमचा आरंभ फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून खुर्चीवर बसून पाय सरळ करण्यानें व 10 अंक मोजीपर्यंत तो धरून ठेवण्यानें झाला. पुढें मासुंदा तलावाकांठीं सपाट रस्त्यानें 10 मिनिटें, मग 15 मिनिटें चालणें. नियम एकच: बऱ्या दिवशीं उसनें चालून घ्यावयाचें नाहीं, आणि वाईट दिवशीं अगदींच बसून राहावयाचें नाहीं.

अमेरिकेंत गुडघेदुखीच्या 454 स्थूल रुग्णांवर 18 महिने केलेला प्रयोग 2013 सालीं प्रसिद्ध झाला. केवळ व्यायाम करणारांचें वजन सरासरी 1.8 किलो उतरलें, केवळ आहार सांभाळणारांचें 8.9 किलो, आणि दोन्ही करणारांचें 10.6 किलो, वेदनाही या शेवटच्या गटाचीच सर्वांत कमी झाली. 2005 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, एक किलो घटला म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारें 4 किलोंनीं हलका होतो. आमचे 14 महिन्यांत 5 किलो उतरले. ऐकावयास थोडे, पण पावलागणिक 20 किलो म्हटल्यास आंकड्याला वजन येतें. दुखणें गेलेलें नाहीं. गणपतींत एक किलो परत आला आणि दिवाळीपर्यंत पुन्हां गेला. मात्र महिन्यांतून एकदां डोंबिवलीस जाऊन येणें जमूं लागलें आहे.

समदुःखी वाचकांस इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, वजनाचा कांटा रोज पाहूं नये, पंधरा दिवसांनीं पाहावा; औषध आपल्या मनानें सोडूं नये; आणि कांहीं न करतां वजन झपाट्यानें उतरूं लागलें तर तें सुदैव न समजतां डॉक्टरांस दाखवावें. घरच्या मंडळींस विनंति अशी कीं, "किती उतरलें?" हा प्रश्न थोडा मागें ठेवून "काल झोंप लागली का?" असें आधीं विचारावें. त्याचें उत्तर नकारार्थी असेल, तर त्या दिवशीं त्या माणसाला जिना चढावयास न लावतां खालचें काम द्यावें, आणि जेवतांना आग्रह करूं नये.