परत न मागण्याच्या अटीवर

सारी नोकरी मी बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. कागद मागायची सवय होती, जमवायची नव्हती. लेक आणि जावयाने कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, अर्ज करायचं नक्की केलं, तेव्हा कागद जमवायचं खातं न मागता माझ्याकडे आलं. दोघंही पुण्यात आयटीत. कचेऱ्या उघड्या असतात तेव्हा ती दोघं मीटिंगमध्ये, आणि ती मोकळी होतात तेव्हा कचेऱ्यांना कुलूप. नोटरीकडे आणि विद्यापीठाच्या खिडक्यांवर माझ्या वयाची बरीच मंडळी भेटतात. जायचं मुलांना, आणि फाईल काखेत मारून फिरतात आईबाप.

त्यासाठीची एक्स्प्रेस एन्ट्री ही पद्धत 2015 पासूनची. कुशल कामगार म्हणून आधी शंभरात 67 गुण मिळवून पात्र ठरायचं, मग 1200 गुणांच्या दुसऱ्या मोजपट्टीवर बाकीच्यांशी स्पर्धा करायची. वयाचे पूर्ण गुण एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. तिशीपासून ते घसरायला लागतात आणि 45 ला शून्य होतात. जावयाच्या वाढदिवसाला केक कापून होतो न होतो तोच लेकीने त्याचे किती गुण गेले ते सांगून टाकलं. त्या स्पर्धेत नंबर लागून निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला 60 दिवस मिळतात. मार्कशीटची दुय्यम प्रत ज्याने एकदा तरी काढली आहे, त्याला साठ दिवसांत काय होतं नि काय होत नाही ते सांगायला नको. म्हणून निमंत्रणाच्या आधीच सगळं तयार ठेवायचं. पण तयार ठेवलेल्या कागदांनाही मुदत असते. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं.

सगळ्यात छळणारा कागद म्हणजे अनुभवाचं पत्र. ते कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, खाली साहेबाची सही, आणि मुख्य म्हणजे माणूस तिथे नेमकं काय काम करत होता ते हवं. आपल्याकडे नोकरी सोडताना मिळणाऱ्या पत्रात तारखा असतात आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा असतात, कामाबद्दल अवाक्षर नसतं. जावयाच्या पहिल्या कंपनीने ‘आमच्या धोरणात बसत नाही’ म्हणून हात झटकले. शेवटी तेव्हाच्या त्याच्या मॅनेजरने, जो स्वतःही आता दुसरीकडे आहे, प्रतिज्ञापत्र करून दिलं. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 जोडले.

पण मॅनेजरने सही करायची तर मजकूर आधी जावयानेच लिहायला हवा. कॅनडा सरकारच्या व्यवसायांच्या यादीत प्रत्येक कामाचं वर्णन छापलेलंच आहे. ते जसंच्या तसं उतरवून देणारे कन्सल्टंट गल्लोगल्ली आहेत. अर्जातली माहिती खोटी ठरली तर पाच वर्षं बंदी, हे मात्र ते पैसे घेताना सांगत नाहीत. मी म्हटलं, तुझं तू लिही. रविवारी दुपारी तो लिहायला बसला. चार ओळी झाल्या, चारही कुणालाही लागू पडतील अशा. मी कर्जदाराला विचारायचे तसं विचारलं, ‘ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा काय करायचास?’ म्हणाला, ‘रात्रीत अडकलेले व्यवहार काढायचो. एकाच्या खात्यातून पैसे गेलेत, दुसऱ्याकडे पोचले नाहीत, असे.’ मग ते कुठे अडकतात, कसे शोधतात, महिनाअखेरीला काय हाल होतात, यावर तो तासभर बोलला आणि मी लिहून घेतलं. काउंटरवर येऊन ‘माझे पैसे गेले कुठे?’ म्हणून आमच्यावर डाफरणारे लोक मी आयुष्यभर झेलले. त्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या टोकाला बसून आमचा जावई शोधत होता! तोवर मला तो ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहे एवढंच ठाऊक होतं.

गेल्या दहा वर्षांचा हिशेबही महिना न गाळता द्यावा लागतो. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात लेकीने नोकरी सोडली होती, कारण मला माझी सोडता येत नव्हती. फॉर्ममध्ये ते महिने बेरोजगारीत गेले. मला लागलं ते. तिला नाही. ‘आई, त्यांना मधे रिकामी जागा नको असते, बाकी काही नाही.’ खरं आहे. असले रकाने मीही लोकांकडून भरून घेतलेच की.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळाला. जावई कंपनीतर्फे वर्षभर इंग्लंडात होता, म्हणून तिथलाही मागवला. सलग सहा महिने ज्या देशात काढले तिथला लागतोच. लेकीचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं आहे, याचं प्रतिज्ञापत्र झालं. अर्जात आईबापांची जन्मतारीखही भरायची असते. माझी 1 जून. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला 1 जून दिला. आई सांगायची, तू श्रावणातली. कॅनडाला 1 जूनच कळवला आहे.

राहिला पैसा. तिथे जाऊन बस्तान बसवण्यापुरती रक्कम दाखवावी लागते. आकडा दरवर्षी बदलतो. 2025 च्या जुलैपासून तिघांच्या कुटुंबाला 23,360 कॅनेडियन डॉलर. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 22 वर्षांखालची मुलं. गावची जमीन, राहता फ्लॅट, कशाचीच किंमत धरत नाहीत, आणि उसना पैसा तर नाहीच नाही. आपल्या घरांतली संपत्ती असते ती कधीच न मोडण्यासाठी, मग ती त्यांना कशी दिसावी? आम्ही मुदतठेवी मोडल्या आणि रक्कम लेकीच्या खात्यात भरली, तीही वेळेवारी, कारण सहा महिन्यांची सरासरी शिल्लक बघतात. अचानक एवढी रक्कम आली कुठून, हा पुढचा प्रश्न. मीही तोच विचारला असता. त्यासाठी गिफ्ट डीड.

म्हणजे त्या जाडजूड फाईलमध्ये आम्ही दोघं दोनदाच येतो, एकदा जन्मतारखेला आणि एकदा इथे. मजकूर मीच केला. आम्ही उभयता ही रक्कम मुलीला स्वखुशीने देत आहोत. हे कर्ज नाही. ती परत मागणार नाही व तिच्यावर आमचा हक्क राहणार नाही. ह्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ‘मुलीला दिलेलं कोण परत मागतं? ते लिहायला कशाला हवं?’ म्हणाले, आणि सही केली.

पुढच्या जुलैत आकडा वाढलाच तर पंचाईत नको, म्हणून रक्कम मी थोडी वरच धरली होती. परवा हे सहज म्हणाले, ‘जास्तीचे राहतील ते देईल ती परत.’ मी कपाटातून झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे धरली.