रुसलेली ठिणगी

माणूस आजारी पडला म्हणजे निदान कण्हतो तरी. मोटारीला ती सोय नाही. ती मुकाट्याने बंद पडते, आणि भोवती जमलेली माणसे बोलू लागतात! "पेट्रोलमध्ये पाणी," एक म्हणतो. "कारबोरेटर चोंदला," दुसरा म्हणतो. तिसरा गाडी विकूनच टाका म्हणतो.

वसईतल्या आमच्या जुन्या गाडीचे दुखणे तर मोठे लबाड होते. सकाळी ती सुरेख चाले. घोडबंदरजवळच्या खाडीपुलापर्यंत इंजिन तापले, की झटके देऊन निपचित पडे. आणि अर्ध्या तासाने, जणू काही घडलेच नाही, अशी पुन्हा सुरू होई. एरवी मी हे हसण्यावारी नेले असते. परंतु महिन्यातून दोनदा अण्णांना मुंबईच्या इस्पितळात न्यावे लागे. एकदा रस्त्याकडेला भर उन्हात बसलेले अण्णा हळूच म्हणाले, "आता माझ्यासाठी एवढी खटपट पुरे." ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसले.

शेवटी पापडीकडच्या एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. "मास्तर, दुखणे मला डोळ्यांनी पाहू द्या," ते म्हणाले. त्यांनी इंजिन चालू ठेवले आणि नारळीखाली स्वस्थ बसले. पाऊण तासाने ते बंद पडताच मिस्त्री चटकन उठले. पेट्रोल नीट येत होते. मग कॉइलची जाड तार रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून त्यांनी मला किल्ली फिरवायला सांगितले. निळी, सणसणीत ठिणगी पडायला हवी. पडली ती पिवळी, मरतुकडी!

कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तांब्याच्या तारेची दोन वेटोळी: एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे, दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो फेऱ्यांचे. पॉइंट उघडून पहिल्यातला बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह एकदम तुटला, की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तारेवरचे रोगण खराब झाले, की तापल्यावर तो आतल्या आत गळतो. थंडावल्यावर पुन्हा सारे ठीक!

मिस्त्रींनी फळीवरची चांगली कॉइल जोडली. त्याच तापलेल्या इंजिनाने लगेच सूर धरला. मी पाकीट काढले, तोच त्यांनी ती काढून जुनीच पुन्हा लावली. इंजिन मुके! "पॉइंट आणि कंडेन्सरही असेच छळतात," ते म्हणाले. "उगाच कोणावर आळ नको." मगच नवी कॉइल कायमची बसली. पुढल्या खेपेस पूल ओलांडताना अण्णा म्हणाले, "येताना सुकेळी घेऊ."

आजच्या गाड्यांत बहुधा प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असते, आणि कोणता सिलिंडर चुकतो हे यंत्रच सांगते. तरीही जाणता कारागीर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहतो. बिघाड तिच्याबरोबर गेला, तरच ती दोषी.

घरातले माणूस चिडले, कोमेजले, की आपण मात्र उभ्या उभ्या निदान करून मोकळे होतो. दुखणे दिसेपर्यंत नारळीखाली बसायला सवड आहे कोणाला?