बूम धरणारीची वही

फिल्मच्या कोर्सला आलेल्या जवळपास प्रत्येकाला दिग्दर्शन करायचं असतं. मलाही करायचंय. पण ग्रुप पाच जणांचा आणि दिग्दर्शक एक. कॅमेरा कुणीतरी लगेच मागून घेतं, एडिटिंगलाही हात वर होतात, प्रॉडक्शन कुणाच्या तरी गळ्यात पडतं आणि साउंड उरतो. तो मी घेतला, आणि मग दुसऱ्या ग्रुपच्या फिल्म्सनाही घेत राहिले. मॉनिटरपाशी बसून फिल्म जेवढी कळते, त्याहून जास्त ती हेडफोन लावून कोपऱ्यात उभं राहिल्यावर कळते, हे माझं मत आता पक्कं झालंय. ही टिपणं त्या कोपऱ्यातली.

*

रेकीला साउंडच्या माणसाला न्यायलाच हवं. दिग्दर्शक आणि कॅमेरावाले जागा डोळ्यांनी पसंत करतात. दगडी जोतं, लाकडी खांब, खिडकीतून येणारा तिरपा उजेड दिसला की लोकेशन फायनल. मागच्या बोळात पिठाची गिरणी आहे, वरच्या मजल्यावर शिकवणी चालते, समोरच्या देवळात दुपारी आरती होते, हे शूटच्या दिवशी कळतं आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. जागेवर थोडा वेळ डोळे मिटून उभं राहायचं, एवढीच माझी मागणी असते. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

*

आत्ताची फिल्म पुण्यात, कसब्यातल्या तांबट आळीत. ऐकू कमी येत चाललेले आजोबा आणि त्यांच्याशी बोलणारी नात. पाच मिनिटं, दोन पात्रं, राहती खोली आणि तिला लागून कारखाना. जन्मभर तांब्यावर हातोडा चालवणाऱ्याचे कान आधी थकतात, ही गोष्ट दिग्दर्शक मैत्रिणीला त्या आळीत हिंडतानाच सुचली.

पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेल्या तांबटांची ही आळी. बंब, घंगाळं, हंडे, तपेली घडवत आलेले हे हात आता दिव्यांच्या शेड आणि हॉटेलात मांडायची भांडीही घडवतात. मठारकाम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. पत्र्याला आकार आल्यावर त्यावर एकाशेजारी एक ठोके बसवत जायचे. रेष सुटायची नाही, जोर कमीजास्त व्हायचा नाही. भांडं डाव्या हाताने किंचित किंचित फिरत राहतं, उजवा हात एका जागी खालीवर होत राहतो आणि उजेडात प्रत्येक ठोक्याचा ठिपका स्वतंत्र चमकतो. या ठोक्यांनीच धातू कडक होतो आणि भांड्याला ताकद येते.

कॅमेऱ्याला याहून देखणं काय हवं! साउंडची मात्र परीक्षा. समजा, नात प्रश्न विचारते तो शॉट घेतला. मागे शेजारच्या कारखान्यातले ठोके चालू आहेत. मग लेन्स बदलली, लाइट हलवले आणि आजोबांचा क्लोजअप घेतला. तोवर शेजारी दुसरं भांडं आलेलं असतं, लय बदललेली असते. दोन्ही शॉट जोडले तर संवाद सलग आणि त्यामागचे ठोके मधेच तुटलेले. प्रेक्षकाला काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण कट त्याच्या लक्षात येईल.

ग्रुपमध्ये एक सूचना आली की आळीला तासभर काम थांबवायची विनंती करू. मी ठाम विरोध केला. त्या ठोक्यांवर त्यांची घरं चालतात. आपल्या पाच मिनिटांसाठी कुणाचा हातोडा खाली ठेवायला लावायचा हक्क आपल्याला नाही. ज्यांच्या कारखान्यात शूट करायचं होतं त्या काकांनाच विचारलं.

“काका, जेवायला सगळे एकदमच उठता का?”

“एकच्या सुमाराला. दोनपर्यंत शांत असतं बघ. तेव्हा या की.”

मग संवाद सगळे त्या तासात घ्यायचे ठरले. ठोके वेगळे, कॅमेऱ्याशिवाय, सकाळी कामाच्या भरात रेकॉर्ड करायचे आणि एडिटला संवादाखाली एकच सलग ट्रॅक घालायचा. त्यासाठी शूटचं अख्खं वेळापत्रक उलटंपालटं करावं लागलं. दिग्दर्शक मैत्रीण कुरकुर न करता तिथेच जोत्यावर बसली आणि तिने ब्रेकडाउन पहिल्यापासून लिहून काढलं. अशा दिग्दर्शकासाठी हात भरून येईपर्यंत बूम धरायला मी तयार आहे.

*

कारखान्यात ट्यूबलाइट आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला दोन पूर्ण स्पंदनं मिळतात आणि चित्र स्थिर राहतं. शटर भलतंच ठेवलं तर पडद्यावर पट्टे सरकू लागतात. कॅमेरावाल्या मित्राने हे मला फळ्यावर काढून समजावलं आणि मी त्याला लेव्हल्स समजावल्या. एकमेकांचं काम निदान इतकं यायला हवं की दुसरा वेळ मागतो तेव्हा तो का मागतोय ते कळावं.

*

आमचे नट बहुतेक पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत काम केलेले. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायची सवय. तो आवाज हातभर अंतरावरच्या माइकसमोर आला की मीटर लाल. “खाली बोल” म्हणून भागत नाही, आवाजाबरोबर भावही खाली बसतो.

आजोबांचं काम करणाऱ्या मुलाला मी टेक झाल्यावर हेडफोन दिले. स्वतःचा श्वास, आवंढा, ओठ विलग झाल्याचा बारीक आवाज त्याने ऐकला. पुढच्या टेकला त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि उरलेलं नुसत्या श्वासावर घेतलं. दिग्दर्शिका काही बोलली नाही, फक्त तिने तो टेक वहीत गोल करून ठेवला.

नातीचं उलट. आजोबांना ऐकू जावं म्हणून तिला मोठ्यानेच बोलायचं होतं, तेव्हा रंगमंचावरचा तिचा गळा इथे नेमका कामाला आला. तिच्यासाठी मी गेन कमी केला, ती आजोबांकडे पाठ करून फोनवर बोलते तिथे वाढवला. खोलीच्या फरशीवरून आणि भिंतींवरून आवाज उसळत होता, तर काकूंनी घरातल्या गोधड्या काढून दिल्या. चौकटीबाहेरच्या दोन भिंतींवर त्या टांगल्या आणि खोली एकदम जवळून बोलायला लागली.

*

क्लॅप देणाऱ्याला सेटवर फार कमी मान मिळतो, हे चूक आहे. चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्यात. पाटीची फळी जिथे मिटलेली दिसते ती फ्रेम आणि जिथे ‘टक्’ ऐकू येतं ती जागा, या दोन्हींची गाठ पडली की पुढचा सगळा टेक जुळतो. सीन, शॉट, टेक नंबर मोठ्याने आणि स्पष्ट बोलायचा. सुरुवातीला राहिलंच तर शेवटी पाटी उलटी धरून क्लॅप द्यायचा. एवढं नीट झालं की एडिटरची रात्र वाचते.

*

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. २५ फ्रेम्सला शूट केलं तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे तेरा-चौदा मीटरवरून घेतलेल्या हातोड्याचा ठोका कॅमेऱ्यापाशी एक फ्रेम उशिरा पोचतो. बोळाच्या दुसऱ्या टोकाहून लाँग शॉट घेतला तेव्हा ही गोष्ट मला पुस्तकाबाहेर पहिल्यांदा दिसली. एडिटर म्हणाला, सरकवून जुळवतो. मी म्हटलं, लांबचं आहे, लांबचंच ऐकू दे. यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी शॉट तसाच राहिला.

*

लॉ कॉलेज रोडवरून जाताना प्रभात फिल्म कंपनीचं जुनं आवार लागतं. १९६० पासून तिथे एफटीआयआय आहे. १९३६ चा ‘संत तुकाराम’ प्रभातचा. त्याचे दिग्दर्शक दोघं, दामले आणि फत्तेलाल. दामले ध्वनीतले, फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. त्याआधी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली दोघांनी पडेल ते काम केलेलं. पेंटरांनी देशी कॅमेरा तयार केला त्या खटाटोपातही दामले होते. ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आवाजाचा आणि सेटचा माणूस मिळून दिग्दर्शन करतात तेव्हा काय होतं, ते तुकारामाच्या घरातल्या प्रसंगांत दिसतं. भांडी, भिंती, आवलीचा तोंडपट्टा, सगळं एकाच घरातलं वाटतं.

*

मधे एका दुकानासाठी रील केलं. भाडं निघालं, आणि उभ्या चौकटीचं शिक्षणही झालं. ९ बाय १६ मध्ये दोन माणसं शेजारी मावत नाहीत. एकाला पायरीवर वर, दुसऱ्याला खाली घ्यावं लागतं, नाहीतर एकामागे एक. आमच्या शिक्षकांपैकी काहींना उभं चित्र म्हणजे सिनेमाचा अपमान वाटतो. मला तसं वाटत नाही. खालीवर होणारा हातोडा त्या चौकटीत जितका मोकळा हलतो तितका आडव्या चौकटीत हलत नाही. तांबट आळीचं एक मिनिटाचं उभं रूपही आम्ही त्यामुळे वेगळं शूट केलं, आडव्यातून कापून काढलं नाही.

*

कार्ड रिकामं करण्याआधी दोन ठिकाणी कॉपी, दोन्हींवरच्या क्लिप उघडून खात्री, मगच फॉरमॅट. हे काम एकाच माणसाचं, आणि त्याला त्या वेळी कुणी चहासुद्धा विचारायचा नाही.

*

एडिट. एडिटर वॉल्टर मर्चने चांगल्या कटचे सहा निकष सांगितले आणि त्यांना वजनही दिलं. भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, उरलेले तीन मिळून १६. आमच्या वादांत हे आकडे वारंवार येतात. मला त्यातली पहिली गोष्ट पूर्ण पटते. आजोबांच्या टेकमध्ये हात एका शॉटमध्ये भांड्यावर आहे आणि पुढच्यात मांडीवर. कंटिन्युइटीवाल्या मैत्रिणीने ते बरोबर दाखवून दिलं. तरी आम्ही तोच टेक ठेवला, कारण तो श्वास दुसऱ्या कुठल्याच टेकमध्ये नव्हता. लयीला मात्र मी दहापेक्षा जास्त देईन. दोन तासांच्या चित्रपटाला चुकलेली लय पुढे सावरता येते. पाच मिनिटांत तेवढी जागा नसते.

*

रफ कट काकांना दाखवायला आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. हंडा घडवण्याच्या शॉटखाली एडिटरने दुसऱ्याच भांड्याचे ठोके घातले होते. ते जास्त भरीव वाटत होते, आणि असं सगळेच करतात. काकांनी मान हलवली.

“हा आवाज या हंड्याचा नाही. पत्रा अजून मऊ आहे ना इथं. हे कडक झालेलं भांडं वाजतंय.”

तांबं ठोकत गेलं की कडक होतं. फार कडक झालं तर तडा जातो, म्हणून पुन्हा तापवून मऊ करतात. कधी तापवायचं हे ते कानाने ओळखतात. मऊ पत्रा बद्द वाजतो, कडक झाला की खणखणतो. हे ऐकल्यावर दिग्दर्शिकेने फिल्मची अखेर बदलली. आजोबांना माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, पण भांडं कडक झालंय हे अजून कळतं. कळतं ते बोटांना. हातोडा ठेवून ते तळवा भांड्यावर टेकवतात आणि नातीचा हात धरून तिथेच लावतात. त्या शॉटसाठी मऊ आणि कडक, दोन्ही ठोके पुन्हा रेकॉर्ड करायला गेलो. माइक कुठे धरायचा हे या वेळी काकांनी सांगितलं.

*

श्रेयनामावली पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मैत्री आहे, मग बघू, असं म्हणून पुढे ढकललं की महोत्सवाचा फॉर्म भरताना मैत्रीला तडे जातात. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये सगळा आवाज मी केला आणि पाठवलेल्या प्रतीत माझं नाव नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून साहित्य आणलं आणि भांडवल देणाऱ्यांना दाखवायला कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. आमच्या भाषेत ती शॉर्ट फिल्मच. त्या घरात कच्च्या फिल्मला छिद्रं पाडण्याचं, ती धुण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या, वर युनिटचा स्वयंपाकही. पैशासाठी दागिने गहाण पडले ते त्यांचेच. या सगळ्याला आज आपण किती वेगवेगळी पदं देऊ! आमच्या फिल्ममध्ये काकांचं नाव ध्वनी विभागात, माझ्या नावाच्या ओळीतच जातंय. काकूंचंही जाणार आहे, गोधड्यांसाठी. यावर ग्रुपमध्ये एकमत झालं.

*

पुढची फिल्म फोंड्याच्या मित्राची, कोकणीत, भर पावसात. नागराज मंजुळेंची ‘पावसाचा निबंध’ आम्ही त्यासाठी पुन्हा पाहिली. मुलाला पावसावर निबंध लिहायचाय आणि त्याच्या घरी तोच पाऊस वर्गातल्यापेक्षा फार वेगळा आहे. मित्राच्या गोष्टीतलं घर पत्र्याचं. पत्र्यावर कोकणी पाऊस पडायला लागला की खाली संवाद रेकॉर्ड होणं अशक्य. पत्र्यावर गोणपाटाचे दोन-तीन थर आणि वर काथ्याच्या चटया पसरल्या तर थेंब फुटण्याचा आवाज बराच मरतो, असं ऐकलंय. रेकीला मी जातेच आहे. मित्राच्या आईला फोन केला, त्यांच्याकडे नारळाची रिकामी पोती भरपूर आहेत. चटयांचं भाडं प्रॉडक्शनने उद्यापर्यंत विचारून ठेवायचंय.